खुलासा : गेलने जिंकलेला खटला त्या मुलाखतीचा नव्हता

‘महिला पत्रकाराशी गैर बोलल्याचा आरोप कोर्टात खोटा ठरला, ख्रिस गेलला 3 लाख डॉलर मिळाले’ असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. यात दोन वेगळ्या घटनांची सरमिसळ झाली आहे.

4 जानेवारी 2016 रोजी होबार्टला बिग बॅश या ऑस्ट्रेलियन टी-20 लीगचा सामना चालू असताना टीव्ही पत्रकार मेल मॅकलाफ्लिन यांनी गेलची मुलाखत घेतली. प्रश्न त्याच्या फलंदाजीचा होता. उत्तरात तो त्यांच्या डोळ्यांबद्दल बोलला, सामन्यानंतर ड्रिंकला बोलावलं आणि वर ‘लाजू नकोस, बेबी’ म्हणाला. हे थेट प्रक्षेपणात घडलं, लाखोंनी पाहिलं. खोटं ठरण्याचा प्रश्नच नाही. त्याच्याच संघाने, मेलबर्न रेनेगेड्सने, 10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. गेलने ती थट्टा होती म्हणत माफी मागितली. मला ती थट्टा वाटत नाही. कॅमेऱ्यासमोर काम करणारी बाई तिथून उठून जाऊही शकत नाही.

खटला फेअरफॅक्स मीडिया या ऑस्ट्रेलियन वृत्तपत्र कंपनीविरुद्ध होता. 2015च्या विश्वचषकातल्या ड्रेसिंग रूममधील कथित वर्तनाच्या बातम्यांवरून गेलने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. 3 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई त्या दाव्याची. मॅकलाफ्लिन यांचा त्या दाव्याशी काहीही संबंध नव्हता.