झाडांची संख्या शून्य चालत नाही म्हणे

सकाळी साडेनऊला अर्ज भरायला बसले आणि अकराला लॅपटॉप आपटून उठले. 'लावायच्या झाडांची एकूण संख्या' असा एक रकाना होता. लाल चांदणीवाला, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी शून्य टाकलं. 'कृपया वैध संख्या टाका.' पुन्हा शून्य, पुन्हा तेच. शून्य आम्हीच जगाला दिलं म्हणून छाती फुगवणारे आपण, आणि आपल्याच अर्जात ते अवैध!

नवीन मित्रांसाठी सांगते. आम्ही पाच जण गेली सहा वर्षं पुण्याच्या पूर्वेच्या माळरानांवर हिंडतोय. दौंड, बारामती, इंदापूर, पलीकडे करमाळा. अर्ज झाडांसाठी नव्हताच. या सगळ्या पट्ट्याचा आराखडा करायला दोन वर्षांचे पैसे मागत होतो. गवत कुठे राखायचं, चराई कधी थांबवायची, लांडगे कुठून कुठे जातात, कुठला तुकडा वनखात्याचा, कुठलं गायरान, कुठलं खाजगी. पन्नासेक गावं आहेत. प्रत्येक गावात निदान तीनदा जावं लागतं. पहिल्यांदा लोक संशयाने बघतात, दुसऱ्यांदा भांडतात, तिसऱ्यांदा बोलतात. या तीन फेऱ्यांना अर्जात रकाना नाही. झाडांना आहे.

आणि माळावर झाडं लावायचीच नसतात हो! पवन्या, कुसळी, मारवेल हे गवत म्हणजेच तिथलं जंगल. धाविक पक्ष्याला मोकळं रान लागतं, खोकडाला, म्हणजे छोट्या कोल्ह्याला लागतं, हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्यांना लागतं. आपण त्याला 'पडीक' म्हणतो, चर खणतो, ग्लिरिसिडियाची झाडं लावतो आणि फोटो काढतो. २०१९ साली तर राज्याने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. तेव्हा 'इथे नको' म्हणणारा माणूस पर्यावरणाचा शत्रू ठरत होता. मी ठरले होते. घरच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

आज सारखी नानांची आठवण येतेय. नाना धनगर आहेत, सत्तरीच्या पुढचे. चार वर्षांपूर्वी श्रावणात त्यांच्या वाड्यावर गेलो होतो. वाडा म्हणजे मेंढ्यांचा मुक्काम, शनिवारवाडा नव्हे. लांडगे कुठे दिसतात एवढंच मी विचारलं. त्यांनी काठी घेतली आणि मातीत रेघा ओढायला सुरुवात केली. ही भीमा. हा ओढा. हितं लांडगीण दर साली पिल्लं घालते. दसऱ्यानंतर आमी हितनं निघतो, असा घाट उतरून कोकणात, मिरगाच्या आधी माघारी. तासभर ते काढत होते. तीन-चार जिल्हे त्या मातीत उतरले होते. आमच्याकडच्या कुठल्याही नकाशापेक्षा तो बरा होता, कारण त्यात महिने होते. कुठल्या महिन्यात कुठला माळ रिकामा, कुठला भरलेला, हे उपग्रहाच्या चित्रावरून मला आजही नीट सांगता येणार नाही.

मी विचारलं, लांडगा कोकरं नेतो त्याचं काय? म्हणाले, "न्हेतो की. त्याचाबी वाटा हाय."

हे मी आधीच्या एका अर्जात लिहिलं होतं. त्या संस्थेचं नाव घेत नाही. उत्तर आलं: 'सदर सल्लामसलतीचा जीपीएस-टॅग असलेला फोटो व उपस्थितांच्या सह्या जोडाव्यात.' सह्या! नाना अंगठा लावतात. आणि नकाशावरून तोवर मेंढ्या गेल्या होत्या.

कंपन्यांचं वेगळंच. २०१३ च्या कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, त्यात पर्यावरण बसतं. छान आहे. पण मार्च जवळ आला की फोन सुरू होतात, "मॅडम, एकतीसच्या आत काही करता येईल का?" आराखडा एकतीसच्या आत होत नाही. त्याच्यासमोर उभं राहून फीत कापता येत नाही. टी-शर्ट घालून शंभर कर्मचारी आराखडा 'लावायला' येऊ शकत नाहीत. परदेशी पैशाचं दार तर आमच्यासारख्यांना जवळपास बंदच झालंय. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीला देता येत नाही. आधी एखादी मोठी संस्था आम्हाला पोटात घेऊन चालायची, ते संपलं.

बरं, मान्य. पैसे देणाऱ्यांनाही लोकांनी भरपूर गंडवलंय. दर जुलैला त्याच खड्ड्यात नवं रोप लावणारे मीही पाहिलेत. म्हणून ते फोटो मागतात. कळतं मला. पण म्हणून नानांचा अंगठा खोटा?

आराखडा न करता 'मोठ्ठं' काम केलं की काय होतं, ते आपण सोलापूर-नगरकडे बघितलंय. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर! कागदावर काय रुबाब. आत गावंच्या गावं, शेतं, विहिरी. लोकांना विचारलं कुणी? जमिनीच्या व्यवहारात अडचणी येऊ लागल्या तेव्हा लोकांना कळलं की आपण अभयारण्यात राहतो. मग वर्षानुवर्षं रेटारेटी, आणि शेवटी ते आक्रसून बाराशेच्या घरात आलं. तोवर तिथल्या माणसांच्या तोंडी पक्ष्याचं नाव शिवीसारखं झालं होतं. माळढोक कुठे आहे ते मला विचारू नका, आज रडायचं नाहीये.

तेव्हा दोन वर्षं कुणीतरी नुसतं हिंडलं असतं तर? काठीने रेघा ओढणारे नाना त्या गावांतही असणार ना?

इंग्लंडमध्ये 'लँडस्केप रिकव्हरी' नावाची सरकारी योजना आहे. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत बावीस प्रकल्प निवडले. तिथे आधी दोनेक वर्षांचा टप्पा निव्वळ तयारीचा असतो आणि त्या तयारीलाच अनुदान मिळतं. शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसायचं, मोजणी करायची, करार ठरवायचे, वाद घालायचे. वाद घालायचे पैसे! मी हे वाचलं तेव्हा खरंच हेवा वाटला. तिथलेही लोक अर्जांच्या नावाने बोटं मोडत असतीलच, आणि त्यांचा खजिना आणि आपला यांची तुलना नको, ठाऊक आहे. पण विचार तर फुकट घेता येतो?

दुपारी जरा शांत झाले आणि जुनी फाइल काढली. त्या श्रावणातल्या भेटीचं एक बिल सापडलं, म्हणजे आमच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी: चहा, गूळ, बिस्किटं, ३४० रुपये. लेखापरीक्षकाने पेन्सिलीने लिहिलंय, 'पावती नाही, अमान्य.' गूळ नानांच्या सुनेसाठी नेला होता. तिने आम्हा पाच जणांना बाजरीची भाकरी वाढली होती, तिची पावती आम्हीही मागितली नव्हती.

तेव्हा नाना म्हणाले होते, "कागदावर घिऊन काय करतीस पोरी? म्होरल्या साली ये, पुन्यांदा काढून दाखवतो." गेल्या वर्षी गेले तेव्हा त्यांची नजर अधू झालेली. काठी हातात होती, रेघा काढल्या नाहीत. मी फोटो न काढल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. म्हणजे जीपीएस मागणाऱ्याचं अगदीच चुकलं नव्हतं. लिहिताना राग येतोय, पण लिहिते.

तर, मुदत आज रात्री बारापर्यंत आहे. सगळ्यांशी बोलून ठरवलं, रकान्यात 'एक' टाकायचं. टाकलं. पुढचं पान उघडलं. तिथे यादीतून झाडाची जात निवडायची होती. वरपासून खालपर्यंत पाहिलं. हिवर नाही, बोर नाही, बाभूळसुद्धा नाही.

गुलमोहोर आहे.