भीतीचा वास, रोखलेली नजर आणि दगडाचं नाटक

‘कुत्र्याला भीतीचा वास येतो आणि तो घाबरलेल्यालाच चावतो. छाती काढून उभे राहा, डोळ्यांत डोळे घालून बघा, दगड उचलल्यासारखं करा. शेपटी हलत असेल तर खुशाल हात लावा.’ ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या नेरूळपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हे फिरतंय. पहिलं वाक्य अर्धं खरं. पुढचे सल्ले मात्र टाके घालायला लावतील असे.

आधी वासाचं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका प्रयोगात भीतिदायक व्हिडिओ पाहिलेल्या माणसांच्या काखेतला घाम लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना हुंगायला दिला होता. त्यांचे ठोके वाढले, ताण दिसू लागला. पण ती अनोळखी माणसावर तुटून पडली नाहीत, मालकाकडे ओढली गेली. म्हणजे वास कळतो, पण वास आला की चावा, असं नाही. घाबरलेला माणूस एकदम थबकतो, हात वर घेतो, किंचाळतो, वळून पळत सुटतो. कुत्रं बिथरतं ते बरंचसं याने. म्हणूनच ‘घाबरू नका’ हा सल्ला बिनकामाचा आहे. घाम आवरत नाही, पाय आवरता येतात.

‘डोळ्यांत डोळे घालून बघा.’ हे तर उलटंच. अनोळखी कुत्र्याच्या लेखी रोखलेली नजर, समोरासमोरची छाती आणि पुढे झुकलेलं अंग हे आव्हान असतं. अंग तिरकं ठेवा, खांदा त्याच्याकडे. नजर त्याच्या पंजांजवळ जमिनीवर, हात अंगालगत, बोटं मुठीत. पूर्ण पाठ फिरवू नका; पोटरीचे चावे बहुधा मागूनच बसतात. तसंच तिरकं सरकत राहा. पुष्कळदा ते फक्त आपला पट्टा राखत असतं, कचराकुंडीपासून रिक्षा स्टँडपर्यंत म्हणा. तेवढा ओलांडला की भुंकणं आपोआप ओसरतं.

‘दगडाचं नाटक करा.’ बऱ्याचदा चालतं, कारण आपल्या गल्ल्यांतल्या कुत्र्यांनी दगड खाल्लेले असतात. (अभिमानाची गोष्ट नव्हे.) फसतं तेव्हा वाईट फसतं: कोपऱ्यात अडकलेला कुत्रा, टोळकं, आणि सर्वांत जास्त व्यालेली कुत्री. पावसाळ्याच्या शेवटाकडे माजाचा हंगाम, गर्भकाळ साधारण 63 दिवस. म्हणजे थंडीच्या तोंडावर स्टिल्ट पार्किंगमधल्या गाड्यांखाली पिल्लं. तिथे वाकलात तर आईच्या दातांसमोर आपणच तोंड नेता. त्यापेक्षा छत्री किंवा पाठीवरची बॅग काढून मध्ये धरा, मारण्यासाठी नव्हे, आडोसा म्हणून.

शेपटीचा सल्ला भाबडा आहे. हलती शेपटी म्हणजे खळबळ, मैत्रीच असं नाही. कमरेसकट सैल हलणारी वेगळी आणि उंच, ताठ, छोट्या झटक्यांनी हलणारी वेगळी. दुसरीसोबत तोंड मिटलेलं, अंग थिजलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत असेल तर हात खिशातच बरा. सारखे ओठ चाटणं आणि अवेळी जांभया हे झोपेचं नव्हे, अस्वस्थतेचं लक्षण.

मेसेजमध्ये दुचाकीचा उल्लेखच नाही. रात्री नेरूळच्या पाम बीच रोडच्या आतल्या रस्त्यांवर कुत्रं मागे लागलं की लोक ॲक्सिलरेटर पिळतात आणि लाथ झाडतात. वेगाने पाठलागाला जोर येतो, लाथेने तोल जातो, आणि चाव्यापेक्षा पडण्यानेच जास्त लागतं. हॉर्न नको, पाय फूटबोर्डवर, वेग हळूहळू कमी. तरीही सोडत नसेल तर थांबा, उतरा आणि गाडी दोघांच्या मध्ये ठेवा.

मुलांना ‘छाती काढून उभा राहा’ शिकवू नका. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. त्यांना ‘झाड हो’ सांगा: पाय रोवलेले, हात छातीवर आवळून, नजर बुटांकडे, आवाज नाही. पडलाच तर गुडघे पोटाशी, तोंड खाली, बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं कानांवर, आणि कुत्रं दूर जाईपर्यंत हलायचं नाही.