योग की समुपदेशन, हा वाद नागपूरला परवडणारा नाही

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी मावशीवरून चांगलीच जुंपली. मावसदादाचं म्हणणं, तासाला हजार-दीड हजार मोजून अनोळखी माणसासमोर रडण्यापेक्षा मावशीनं सकाळी योगवर्गाला जावं, आपल्याकडे सगळं आहे. धाकट्या बहिणीचं म्हणणं, योगानं फार तर गुडघे सुधारतील; मनावरच्या आघाताला शास्त्रशुद्ध उपचारच हवेत. दोघंही मायेपोटीच बोलत होते. मी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून वाचत होते आणि मला दोघांचंही अर्धंच पटत होतं.

मावशीची गोष्ट तिला विचारूनच सांगते आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी लोक कसे वणवण फिरत होते, ते वेगळं सांगायला नको. काकांना घरीच ठेवलं होतं आणि मावशी रात्रभर त्यांच्या बोटाच्या ऑक्सिमीटरवरचे आकडे बघत बसली होती. काका गेले. तेव्हापासून ती झोपेतून दचकून उठते, ॲम्ब्युलन्सचा भोंगा कानावर पडला की हातातलं काम तसंच टाकून खाली बसते. सगळ्यांच्या आग्रहाखातर ती एका योगवर्गाला गेली. प्राणायामात शिक्षकांनी श्वास रोखायला सांगितलं आणि मोठ्यानं आकडे मोजायला सुरुवात केली. मावशी उठून बाहेर आली. मला फोनवर म्हणाली, "श्वास रोखा म्हणतात ना, तर मला त्यांच्या बोटाचं ते मशीनच दिसून राहतं गं." शवासनाचं तर नावच काढू नको म्हणाली. शिक्षक भले गृहस्थ, सवयीनं जमेल म्हणाले. पण हे सवयीनं जमणारं नव्हतं.

समुपदेशकाकडेही सुरुवातीला तेच झालं. त्या रात्रीचा विषय निघाला की घशाला कोरड, हात गार, तोंडून शब्द नाही. बोलण्यासाठीच गेलेली बाई मुकाट घरी यायची.

यात नवल काही नाही. मोठ्या आघातानंतर धोका टळलाय हे शरीर मानायलाच तयार नसतं. छाती धडधडत असते, श्वास वरच्या वर चालतो, खांदे आवळलेले असतात. अशा माणसाला कितीही समजावलं तरी ते आत पोचत नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की हृदयाची गती उतरते, पाय जमिनीला टेकलेत याचं भान येतं, आणि मग बोलणं शक्य होतं. पण बोलावं तर लागतंच. 'मी त्यांना वेळेवर दवाखान्यात हलवलं नाही' ही मावशीची टोचणी कुठल्या आसनानं जाणार आहे? ती कुणाजवळ तरी उघड करून, उलटसुलट तपासूनच सैल होते.

याला आधार आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क या बॉस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांचा आघातोत्तर ताणविकार जुना होता आणि उपचारांना दाद देत नव्हता. आठवड्यातून एक तास, असे दहा आठवडे योग केल्यावर ५२ टक्के स्त्रिया त्या आजाराच्या निकषांतून बाहेर आल्या. आरोग्यशिक्षणाच्या वर्गाला बसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. दादा हा आकडा लगेच ग्रुपवर टाकेल, म्हणून पुढचंही सांगते. अभ्यास लहान होता आणि योग तिथे पूरक उपचार म्हणून दिला होता, इतर उपचारांच्या जागी नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आघातकेंद्री वर्तन-विचार उपचारांना आणि ईएमडीआरलाच (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणी हाताळण्याच्या उपचाराला) अग्रक्रम देतात. शिवाय बॉस्टनचा तो योगही आपल्या वर्गांसारखा नव्हता. तिथे हुकूम नसतो. 'जमत असेल तर', 'डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल' अशी भाषा असते, आणि विचारल्याशिवाय कुणी अंगाला हात लावत नाही. आमच्या इथल्या एका वर्गात तर प्रत्येक चटईच्या कोपऱ्यावर लाकडी चकती असते. ती पालथी ठेवली की शिक्षिका तुमचं आसन हातानं सुधारायला येत नाही, आणि कारणही विचारत नाही.

म्हणून जर्मनीत सगळं आलबेल आहे असं समजू नका. सरकारी विमा मानसोपचाराचे पैसे देतो, पन्नास मिनिटांचं एक सत्र, छोट्या उपचारात अशी २४ सत्रं. हठयोगाच्या मान्यताप्राप्त वर्गाच्या फीचा काही भागही परत मिळतो. पण हे दोन कप्पे वेगळे, या हाताचं त्या हाताला कळत नाही. मानसोपचारासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. नंबर लागला की बोलायचं जर्मनमध्ये, दुभाष्याचा खर्च विमा देत नाही. आपलं दुःख परक्या भाषेत व्याकरण सांभाळत सांगणं किती जिवावर येतं, ते इथले आपले लोक जाणतात. इथलं घ्यावंसं काय, तर एक म्हणजे 'मानसोपचारक' ही पदवी कायद्यानं राखीव आहे, वाटेल त्याला ती पाटी लावता येत नाही. आणि दुसरं, इथली मनोकायिक रुग्णालयं. तिथे बोलण्याचे आणि शरीराचे उपचार करणारे एकाच रुग्णाबद्दल एकत्र बसून चर्चा करतात.

नागपूरकडे मात्र जे आहे ते श्टुटगार्टला विकत मिळणार नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळानं कित्येक दशकं विनामूल्य योग शिकवून तो वस्त्यावस्त्यांत नेला. मराठीत मनाबद्दल बोलायची परंपराही आपल्याकडे आहे, कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार (अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत) मराठीत आणला, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण त्याजवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात. त्या रस्त्याला रिक्षा करायलाही बायका कचरतात. योगवर्गाला जाणारीला मात्र कुणी 'काय झालं तुला?' असं विचारत नाही. म्हणूनच आघात घेऊन जगणारी बाई बहुतेकदा सगळ्यात आधी योगशिक्षकाच्याच नजरेस पडते. तिला कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, करायला लावू नये, शवासनाऐवजी भिंतीला टेकून बसू द्यावं, आणि पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठाऊक असावं, एवढं तरी प्रत्येक योगशिक्षकाला शिकवायलाच हवं. काहीच नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. आणि 'गोळ्या बंद करा, प्राणायाम पुरे' असं सांगणाऱ्यांना वर्गाच्या दारातही उभं करू नये. याबाबत मला जराही तडजोड मान्य नाही.

मावशीच्या समुपदेशकानं आता तिच्या संमतीनं एका योगशिक्षिकेशी बोलणं केलंय. सत्राची पहिली दहा मिनिटं पाय जमिनीला टेकवून नुसता श्वास सोडण्यात जातात. गेल्या महिन्यात ती त्या रात्रीबद्दल पहिल्यांदा सलग बोलली.

दादाचा पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितलं, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याच्या समुपदेशनाचा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो. मावशीचा आम्ही भावंडांनी वाटून घेतलाय. जिला अशी भाचरं नाहीत तिच्यासाठी नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक आणि योगशिक्षक एकाच दिवशी, शेजारशेजारच्या खोल्यांत बसायला हवेत, आणि केसपेपर दोघांचा मिळून एकच असायला हवा.