स्पेसरचं काय?

‘दम लागला की पंप द्या, मूल दहा मिनिटांत खेळायला लागतं’ हे मुलांच्या दम्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. माझ्या मुलाला चौथ्या वर्षी दम्याचं निदान झालं. सुरुवातीचे दोन महिने आम्ही पंप, म्हणजे इनहेलर, थेट त्याच्या तोंडात दाबत होतो. औषध जिभेवर आणि घशात बसायचं, छातीत फारसं पोचायचंच नाही, आणि आम्ही म्हणायचो औषध लागू पडत नाही. शेवटी डॉक्टरांनी मास्कवाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, समोर धरून शिकवलं: पंप नीट हलवायचा, एका वेळी एकच पफ, मास्क नाकातोंडावर घट्ट, मग पाच-सहा शांत श्वास. दुसरा पफ त्यानंतरच, पंप पुन्हा हलवून. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटतं. हे कुणी सांगतच नाही हो!

दुसरं म्हणजे पंप दोन असतात, हे लेखात यायलाच हवं होतं. सालब्युटामॉलचा, श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा, दम लागल्यावर. स्टेरॉइडचा मात्र मूल ठणठणीत असतानाही रोज, आणि नंतर चूळ भरायची. आमच्या सासूबाई ‘पंपाची सवय लागेल’ म्हणून घाबरायच्या, त्यामुळे पावसाळ्यात बरं वाटताच आम्ही तो रोजचा पंप बंद केला. दिवाळीत रात्री दोन वाजता पोराला घेऊन दवाखाना गाठला. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. आता संध्याकाळची धुरी आणि डासांची कॉइल सासूबाईंनी स्वतःच बंद केली आहे.