औरंगाबाद लेणी वगळायची? का बरं?

"वेरूळ-अजिंठा झालं की औरंगाबाद लेणी वगळली तरी चालतात" हे एका प्रवासलेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अहो, त्या लेखाचा विषयच प्रवासात मन शांत होईल अशा जागा, आणि सुट्टीच्या दिवशी वेरूळच्या कैलास लेण्यात कसली शांतता, सेल्फीवाल्यांना चुकवत नुसतं पुढं सरकायचं (वेरूळ भारीच आहे, त्यात वाद नाही). बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत, आडवारी गेलं तर कधीकधी आपण आणि चौकीदार, बास. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर जवळजवळ माणसाएवढे दगडी भक्त गुडघे टेकून बसलेत. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, मग एकेक चेहरा दिसायला लागतो आणि आपली बडबड आपोआप बंद होते.

आणि प्रवासावरच लिहायचं तर सातवं लेणं सोडून कसं चालेल? तिथं व्हरांड्यातल्या भिंतीवर अवलोकितेश्वर (संकटातून तारणारा बोधिसत्त्व) आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत, आग, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती वगैरे. सहाव्या-सातव्या शतकातले व्यापारी, वाटसरू इथं येऊन काय मागत असतील, सुखरूप पोचू दे एवढंच ना, आमची आई एसटी सुटताना अजून तेच पुटपुटते. फक्त 1 ते 5 नंबरची लेणी एकीकडं अन् 6 ते 9 दुसरीकडं, मधे चांगलं चालावं लागतं, त्यामुळं उन्हाळ्यात जायचं तर सकाळीच जा अन् पाणी सोबत ठेवा.