‘उपाशी ठेवलं म्हणून लेंड्या खात होती’: बर्फीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची सशीण बर्फी आमच्याकडे बोर्डिंगला, म्हणजे तुम्ही नसताना सांभाळायला, राहून गेली. त्याबद्दल एक स्टार दिलात आणि त्यामागची कारणंही सविस्तर लिहिलीत. हा रिव्ह्यू ससे पाळणारी इतर मंडळीही वाचणार, म्हणून उत्तरही इथेच आणि सविस्तर देतोय. तुमच्या तक्रारी चार आहेत. आम्ही पाठवलेल्या व्हिडिओत बर्फी स्वतःच्या लेंड्या खाताना दिसली, म्हणजे ती उपाशी होती. तुम्ही दिलेलं दाण्यांचं मिक्स अर्धंअधिक परत आलं, गाजर-पोळी दिलीच नाही, ‘नुसतं वाळलं गवत’ घातलं. त्या गवताचे पैसे वर वेगळे लावले. आणि घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती खाईना म्हणून फोन केलात, तेव्हा ‘लगेच डॉक्टरकडे न्या’ म्हणून आम्ही हात झटकले.

आधी लेंड्यांचं बघू, कारण तुमचा राग मुख्यतः त्यावर आहे.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. ट्रेमध्ये दिसतात त्या कडक, गोल, कोरड्या. निरोगी सशाच्या दिवसाला साधारण २०० ते ३०० होतात. एक उचलून चिमटीत चुरडून बघा: आत गवताचा पिवळसर भुगा निघतो, हाताला काही चिकटत नाही, वासही जवळपास नसतो. दुसरा प्रकार मऊ, काळपट, चकचकीत, वर बुळबुळीत आवरण असलेला. बारक्या द्राक्षांचा घड असावा तशा एकमेकींना चिकटलेल्या. दाबल्या तर लिंपतात आणि आंबूस, उग्र वास येतो. या तुम्हाला ट्रेमध्ये दिसत नाहीत, कारण ससा त्या खाली पडूच देत नाही. मान पोटाखाली वळवून थेट गुदद्वारातून तोंडात घेतो, डोकं वर करतो आणि फारसं न चावता गिळून टाकतो. आम्ही पाठवलेल्या व्हिडिओत तेच आहे, नीट बघा. ती ट्रेमधलं काही उचलत नाहीये.

हे खाणं भुकेपोटी नसतं. सशाचं लहान आतडं संपतं तिथे सीकम नावाची मोठी पिशवी असते, जठराच्या कितीतरी पट मोठी. गवतातला लांब, जाड तंतू मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच वेगळा काढला जातो आणि कडक लेंडी होऊन बाहेर पडतो. बारीक कण आणि पाणी मात्र उलट्या दिशेने ढकलून सीकममध्ये परत नेलं जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं आणि के जीवनसत्त्व तयार होतं. पण सीकम लहान आतड्याच्या पुढे आहे, म्हणजे तयार झालेल्या मालातला बराचसा तिथे शोषला जात नाही. म्हणून तो मऊ लेंडीच्या रूपात बाहेर काढायचा आणि दुसऱ्यांदा पोटात घालायचा. ससा पोट भरून निवांत बसला की काही तासांनी हे होतं. पिंजऱ्याला जाळीचा तळ लावला तरी थांबत नाही, आणि थांबवूही नये.

काळजी कधी करायची? ससा या मऊ लेंड्या खात नसेल तेव्हा. ट्रेमध्ये चिखलासारखे गोळे पडतात, शेपटीखाली केसांना चिकटतात, घरचे म्हणतात जुलाब झाले. त्याच ट्रेमध्ये कडक लेंड्याही असतील तर तो सहसा जुलाब नसतो. एकतर पेलेट्स (दळलेलं खाद्य दाबून केलेल्या गोळ्या), दाणे, गोड जास्त होतंय आणि मऊ लेंड्या गरजेपेक्षा जास्त बनतायत. किंवा ससा इतका जाड झालाय, त्याचे सांधे वा दात इतके दुखतायत, की मान तिथवर पोचत नाही. ऑपरेशननंतर गळ्यात कॉलर असला तरी हेच होतं. पावसाळ्यात ही घाण केसांत राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. तेव्हा रोज शेपटीखाली बघायचं. कडक लेंडी एकही नाही आणि नुसतं पाणी पडतंय, हा खरा जुलाब. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला तो झाला तर तासांचा हिशेब असतो.

आता ‘नुसतं वाळलं गवत’.

सशाच्या ताटात गवत हे तोंडी लावणं नाही, ते जेवण आहे. रोजच्या खाण्यातलं ८० टक्क्यांहून जास्त सुकं गवत हवं आणि ते चोवीस तास समोर हवं. आतडं चालतं ठेवतो तो लांब तंतू. पेलेट्समध्येही तंतू असतो, पण दळून बारीक केलेला. तो कण म्हणून सीकममध्ये जातो, आतडं ढकलण्याचं काम करत नाही. शिवाय सशाचे दात, पुढचे आणि दाढाही, आयुष्यभर वाढतात; पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा घासल्या जातात. दाणे फोडताना तो वर-खाली होतो, दाढा घासल्या जात नाहीत, कडांना टोकं येऊन जीभ नि गाल कापले जातात. मग ससा खाणं सोडतो आणि घरचे समजतात, नखरे करतोय.

तुमच्या मिक्समध्ये सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, रंगीत तुकडे आणि थोड्या पेलेट्स आहेत. पाकिटावर सशाचं चित्र आहे, हा काही पुरावा नव्हे. वाटी पुढे ठेवली की ससा बिया आणि रंगीत तुकडे निवडून खातो, तंतूवाल्या पेलेट्स तळाशी ठेवतो. तरीही ते आम्ही एकदम बंद केलं नाही. सशाचं खाणं एका दिवसात बदललं की सीकममधले जिवाणू बिघडतात. बदल ७ ते १४ दिवसांत करायचा. म्हणून मिक्स रोज थोडं कमी केलं, आणि उरलं ते तुम्हाला परत मिळालं. पोळी आणि गाजर मात्र पहिल्या दिवसापासून बंद, कारण ते हळूहळू कमी करण्याची गरज नसते. पोळीतलं जादा पिष्ट सीकमपर्यंत गेलं की नको ते जिवाणू फोफावतात, गॅस धरतो. ब्रेड, बिस्कीट, भात, चुरमुरे, भिजवलेले हरभरे, सगळं यातच आलं. गाजर म्हणजे साखर. दोन किलोच्या सशाला चमचा-दोन चमचे, तेही रोज नाही. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या, भाजीवाला तो तसाही तोडून टाकतो.

बर्फीसारख्या दोन किलोच्या, पूर्ण वाढलेल्या सशाचा दिवस असा असावा: सुकं गवत तिच्या अंगाएवढा ढीग, संपत आला की पुन्हा. धुतलेला पाला सैल भरून दोन मोठ्या वाट्या, दोन-तीन प्रकारचा: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, थोडी मेथी, थोडा शेपू. पालक अधूनमधून. कोबी-फ्लॉवरने काही सशांना गॅस होतो, तेव्हा आधी एखादं पान देऊन बघा. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला कधीच नाही. बाल्कनीतला मनीप्लांट आणि कण्हेरही तिच्या तोंडापासून लांब. साध्या पेलेट्स फार तर ५० ग्रॅम, म्हणजे किलोमागे २५. पाकिटावर तंतूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या खाली असेल तर घेऊ नका. मांसासाठी पाळलेल्या सशांचं खाद्य स्वस्त मिळतं, पण ते वजन वाढवण्यासाठी बनवलेलं असतं. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात; वाडग्यातून ससे जास्त पितात, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तो फरक फार मोठा.

गवताच्या पैशांबद्दल. बर्फीला घातलं ते टिमोथी. हे थंड हवेचं गवत, आपल्याकडे फारसं पिकत नाही, बहुतेक बाहेरून येतं, म्हणून महाग. बोर्डिंगच्या फॉर्मवर त्याचा दर वेगळ्या ओळीत आहे आणि तुमची सही त्याखाली आहे. पण टिमोथीच हवं असं मुळीच नाही, हे आम्ही गवत विकत असूनही सांगतो. ओटचं सुकं गवत चालतं. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, उत्तम चालतात. रस्त्याकडेच्या नकोत, तिथे कुत्री फिरतात, फवारणी होते. (गणपतीत मंडईतल्या ताज्या जुड्या जरूर घ्या, पण धुवून. हळद-कुंकू पडलेल्या निर्माल्यातल्या सशापुढे टाकू नका.) हरळी सावलीत पातळ पसरून, दिवसातून दोनदा वरखाली करत वाळवायची. काडी वाकवल्यावर मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे. ओलसर भरलं तर आतून तापतं, बुरशी धरतं, आणि बुरशीचं गवत पोटाला आणि छातीला दोन्हीला वाईट. साठवण सुती पिशवीत किंवा खोक्यात, प्लास्टिक बांधून नाही.

लसूणघास (ल्यूसर्न हा हिरवा चारा, लसूण नव्हे) स्वस्त आहे, रोज मिळतो, म्हणून बरेच जण तोच घालतात. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला आणि गाभण वा पाजणाऱ्या मादीला तो ठीक. मोठ्या सशाला त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम फार. ससा खाण्यातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. थोडी पांढरट लघवी चालते, पण टूथपेस्टसारखी घट्ट पडू लागली की मूत्राशयात गाळ साठतोय. कडबा आणि भाताचा पेंढा खाली अंथरायला घ्या, जेवण म्हणून त्यात काही दम नाही. कोवळं कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) तर नकोच, त्यात सायनाइडचं विष तयार होतं.

राहिला फोन. रिव्ह्यूमध्ये तुम्हीच लिहिलंय की घरी आल्यावर लाड म्हणून तिला अख्खं गाजर आणि पोळी दिली, संध्याकाळपासून ती कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि सकाळी ट्रे रिकामा होता. सशाने १०-१२ तास खाल्लं नाही आणि लेंडी नाही, म्हणजे आतडं थांबलंय. ही इमर्जन्सी आहे, यावर फोनवरून उपाय सांगणं आम्हाला शोभलं नसतं. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. वाट अडली असेल आणि तुम्ही सिरिंजने भरवलंत, तर जठर ताणून फुटू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांचा हात पोटावर, गरज पडली तर एक्स-रे, मगच भरवणं. सशाचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ते ३८ च्या खाली गेलं, कान गार पडले, तर वेळ कमी आहे. ओव्याचं पाणी, एरंडेल, घरातली उरलेली गोळी, यातलं काहीही नको. विशेषतः अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन सशाला तोंडावाटे कधीच देत नाहीत. सीकममधले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने ससा जातो. कुत्र्या-मांजरांपुरतं काम करणाऱ्या दवाखान्यात गेलात तर हे स्वतःहून विचारा, संकोच करू नका.

डॉक्टरांनी सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि रात्री तिने लेंड्या टाकल्या, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी ट्रे बघा. लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या होत गेल्या तर आतडं मंदावतंय. केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या तर गळणारे केस पोटात जातायत. रोज ब्रश करा, गवत आणि पाणी वाढवा. आकार आठवत नसेल तर पांढऱ्या कागदावर चार लेंड्या ठेवून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तुलना सोपी जाते.

गवताचे पैसे परत होणार नाहीत. दिवाळीत बर्फीला पुन्हा ठेवायचं असेल तर निदान दोन आठवडे आधी या. गवत तेव्हाच घरी न्या आणि मिक्स घरूनच कमी करत आणा. बोर्डिंगमध्ये पोळी तेव्हाही मिळणार नाही.