वाघ झोपला तर तुमचं काय जाते?

तीन दिवस झाले, डोकं शांतच होऊन नाही राहिलं, म्हणून आज लिहूनच टाकतो. ज्याला लागायचं त्याला लागू द्या.

रविवारी आम्ही घरचे चौघं शहरात झू बघायला गेलो होतो. मी, बायको, आई आणि नऊ वर्षांचा पोरगा. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझं भांडण एका झूशी नाही, जे जे फिरून आले त्यांना विचारलं तर सगळे म्हणतात सगळीकडं हेच आहे. पोराचं दोन वर्षांपासून एकच, बाबा झू, बाबा झू, वर्गातले पोट्टे जाऊन आले आणि मीच नाही पाहिलं. दरवर्षी काही ना काही निघते, कधी कापणी, कधी पैसे नाही. यंदा धानाचे पुंजणे वेळेत चुरून झाले, माल केंद्रावर गेला, तेव्हा म्हटलं चला एकदाचं. बायकोनं पहाटे साडेचारला उठून पोळ्या केल्या, आलूची भाजी, ठेचा, आणि पहिली एसटी पकडली. आई, बायको, पोरगा तिघांचं हाफ, माझं एकट्याचं फुल. हे एवढं यासाठी सांगून राहिलो की शहरातल्या लोकाले झू म्हणजे रविवारी बोअर झालं की चक्कर मारायची जागा. आमच्यासाठी तो वर्षातला एक दिवस असते, त्याच्यासाठी आधी महिनाभर बोलणं चालते घरात.

गेटवर पहिला दणका. पिशवी उघडा म्हणे. उघडली. डबा आत नेता येत नाही, लोक प्राण्यांना खायला टाकतात. मी म्हटलं बरोबर आहे, प्राण्यांसाठी असन तर नियम पाळलाच पाहिजे, डबा बाहेर ठेवला, ठेवायचे दहा रुपये वेगळे दिले. मनापासून सांगतो, तेव्हा राग आला नव्हता. पण आत शंभर पावलं गेलो नाही तर समोर स्टॉल! चिप्स, पोंगे, बिस्किटं, थंड्याच्या बाटल्या, सगळं पन्नीत आणि प्लास्टिकमध्ये, आणि तिथून वीस-पंचवीस पावलांवर हरणांची जाळी. स्टीलच्या डब्यातली घरची पोळी नाही चालत आणि हे चालते? कोणी ठरवलं हे? ज्यानं ठरवलं त्यानं कधी त्या जाळीपाशी अर्धा घंटा उभं राहून पाहिलं का?

मी उभा राहिलो ना, म्हणून सांगतो. चितळांचा कळप होता, दहा-बारा असतील, पोरगा पळतच गेला. जाळीला लोक चिकटलेले, पोंगे आत टाकून राहिले, एका माणसानं पोंगे संपल्यावर रिकामं पाकीटच जाळीतून आत सोडलं, हातानं ढकलून, आपल्या पोरीच्या समोर. आणि थोडं बाजूला एक मादी उभी होती, तिच्या तोंडात खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीची, पन्नी. अर्धी तोंडात, अर्धी बाहेर लोंबून राहिली, तिच्यावर तंबाखूचा पिवळट डाग अजून ओला होता. ती चावत होती, चावत होती, आणि हळूहळू ती पन्नी पूर्ण आत गेली. मी ओरडलो, हातवारे केले, काय फायदा, मधात जाळी.

ज्याच्या घरी जनावर आहे त्याला हे पाहून काय होते ते विचारा. आमची कपिला गाय अशीच गेली. पोट फुगलं, रवंथ बंद, चारा पुढं टाकला तर हुंगून मान फिरवायची, चौथ्या दिवशी गोठ्यातच पडली. डॉक्टरनं पोट उघडून दाखवलं होतं, पन्न्या, सुतळी, लग्नातल्या प्लास्टिकच्या पत्रावळीचा तुकडा, सगळं मिळून डोक्याएवढा गोळा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात, पन्नी पहिल्याच कप्प्यात अडकते, पुढं सरकत नाही की सडत नाही, जनावराला पोट भरल्यासारखं वाटत राहते आणि ते आतून उपाशी मरते. चितळाचं पोट गायीच्या पोटासारखंच. गाय गेली तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं. तिथं त्या चितळाच्या मादीसाठी कोण आहे? कोणाच्या लक्षात तरी येणार आहे का ती काय खाऊन मेली?

आता वाघाचं सांगतो. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाही पट्ट्यातलं. आमच्याकडं वाघ पाहायला तिकीट लागत नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पंजा उमटलेला असते, सकाळी बांधीतल्या चिखलात दिसते. पोरं शाळेत जातात तर टोळी करून जातात, माणसं रात्री पीक राखायला जागलीला जातात तर एकटी जात नाहीत. महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प, त्यातले पाच आपल्या विदर्भात. 2018 च्या गणनेत राज्यात 312 वाघ होते, 2022 ला 444 झाले. बातमीत आकडा वाचून लोकाले आनंद होते, आम्हालाही होते, पण तो आकडा आमच्या धुऱ्यावरून चालून जाते. पलीकडच्या गावची एक बाई मोहफुलं वेचायला गेली होती, पहाटे, वाकून वेचत होती. वाकलेला माणूस वाघाले जनावरासारखा दिसते म्हणतात. ती परत नाही आली. आई तिला ओळखत होती, दोघी तेंदूपत्त्याला सोबत जायच्या. आणि तरी आमच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे आणि आई आजही तिथं नारळ फोडते. भीती वाटते म्हणून फोडते की मान आहे म्हणून, मी कधी विचारलं नाही. दोन्ही असन.

तर आई त्या वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली. वाघ सावलीत आडवा पडलेला, पाठ आमच्याकडं, कानाच्या मागचे ते पांढरे ठिपके दिसून राहिले होते. एक खाकी कपड्यातला बुढा माणूस बादली घेऊन जात होता, आईनं त्याला विचारलं, "हा आपल्याकडचा तर नसन?" तो म्हणाला, "चंद्रपूरकडच्या जंगलातूनच आणला आजी, चार वर्षं झाली." आईनं लगेच हात जोडले, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाली, "घर सुटलं रे बाप्पा तुझं."

आणि मागून हसण्याचा आवाज. पाच-सहा पोट्टे, वीस-बावीस वर्षांचे, मोबाईल आईवर धरलेला. माझ्या आईचा व्हिडिओ काढून राहिले होते! अडुसष्ट वर्षांची बाई हात जोडून उभी आहे, ती तुम्हाला गंमत वाटते? मी वळून पाहिलं तर मोबाईल खाली केला, पण दात तसेच. मी गिळलं. बाहेरगावी आलो, सोबत बाई-पोरं आहेत, कुठं भांडत बसायचं.

मग त्यातल्या एकानं शिट्टी मारली. वाघ हलला नाही. दुसऱ्यानं लोखंडी कठड्यावर बाटली आपटली, ठण ठण ठण. नाही हलला. आजूबाजूचे बाकीचे लोक, पोरंसोरं घेऊन आलेले संसारी लोक, थांबवतील म्हणावं तर एक बाई म्हणते, "उठवा ना भाऊ, पोराले दिसून नाही राहिला." आणि एकानं खाली वाकून गिट्टी उचलली आणि मारली. पहिली जाळीला लागली. दुसरी आत गेली आणि वाघाच्या मागच्या मांडीवर बसली. मी डोळ्यांनी पाहिलं, गोमाशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते ना, तशी त्याची कातडी थरथरली, एक कान मागं फिरला, आणि बस. तो उठला नाही, गुरगुरला नाही, मान सुद्धा नाही वळवली. त्याला सवय झाली. याचाच मला जास्त त्रास झाला. चार वर्षांत त्याला गिट्टी खायची सवय झाली.

तिथं मात्र मी थांबलो नाही. "ए भाऊ, कायले मारून राहिला? झोपला आहे तो." तर तो मला म्हणते, "काका, पैसे दिले ना आम्ही, उठला पाहिजे तो. तुमचं काय जाते?"

पैसे दिले. तिकिटाचे पैसे दिले म्हणून वाघानं उठून तुमच्या रीलमध्ये चालून दाखवायचं? वाघ दिवसाचे पंधरा-सोळा तास पडूनच असते, जंगलातही असते, त्याचं काम रात्रीचं आणि पहाटेचं. तुमच्या घरी रात्रपाळी करून आलेला बाप दुपारी झोपला असन तर त्याला गिट्टी मारून उठवता का? आणि तुझी हिंमत मोठी असन ना, तर ये आमच्या गावात, रात्री दोन वाजता जागलीच्या मचाणावर एकटा बस, खाली तणसात खसखस वाजली की तेव्हा मार गिट्टी. जाळीच्या मागं पडलेल्या, कुठं पळू न शकणाऱ्या जीवाला मारून कसली मर्दुमकी? जो वाघ आमच्याकडं मोकळा फिरतो त्याचा आम्ही मान ठेवतो, आमची माणसं नेतो तरी ठेवतो, आणि जो तुमचं काहीच वाकडं करू शकत नाही त्याला तुम्ही दगड मारता.

गार्डला शोधायला गेलो. एक गार्ड, गळ्यात शिट्टी, त्याच्याकडं वाघ, बिबट आणि अस्वल तिन्ही, आणि रविवारची ती गर्दी. त्याच्यावर तरी काय ओरडू. म्हणाला, "दिवसभर हेच करतो भाऊ, किती जणाले सांगू, जास्त बोललो तर माझीच तक्रार करतात." आला, शिट्टी वाजवली, पोट्टे हसत हसत पुढं गेले, बिबट्याकडं. तो बिबट एकाच रेषेत येरझारा घालून राहिला होता, इकडून भिंत, तिकडून जाळी, त्याच्या पायानं मातीत पांदण पडली होती. तिथंही लोक हुर्र हुर्र करून राहिले.

गेटवरच्या बोर्डावर सगळं लिहिलेलं आहे बरं का. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, कलम 38 जे. झूतल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं, सगळ्याला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अर्धा रंग उडालेला तो बोर्ड, त्याला टेकून लोक सेल्फी काढून राहिले. 2014 साली दिल्लीच्या झूत एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि जीव गेला त्याचा, वरून लोकांनी दगड मारले असं तेव्हा बातम्यांत सांगत होते. त्यालाही इतकी वर्षं झाली, आणि गिट्टी अजून तशीच उचलली जाते.

मी ऑफिसात गेलो तक्रार लिहायला. तिथला माणूस म्हणे वही साहेबांच्या कपाटात आहे, साहेब आज नाहीत, सोमवारी या. सोमवारी! सोमवारी झू बंद असते, तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, आणि मी काय एवढं लांबून परत एसटीचं भाडं भरून यायचं एका वहीत सही करायला? त्याला म्हटलं कोऱ्या कागदावर लिहून देतो. तर म्हणे तसं चालत नाही.

काय अवघड आहे यात? स्टॉल गेटच्या बाहेर न्या. आत पन्नी नकोच, बाटलीला स्टिकर लावून डिपॉझिट घ्या, परत आणली तर पैसे द्या, काही झूंत करतात तसं. रविवारी वाघाजवळ दोन माणसं जास्त उभी करा. गिट्टी मारली की तिथंच पकडून दंडाची पावती फाडा, दहा जणांसमोर, पुढच्या रविवारी अर्धे लोक हात खिशात ठेवतील. आणि त्या वाटेवर गिट्टी टाकलीच कशाला, वाघाच्या पिंजऱ्यापुढं दगड पसरून ठेवायचं डोकं कोणाचं होतं?

डबा आम्ही बाहेर फुटपाथवर बसून खाल्ला. पोरगा गप्प होता, ठेचा तिखट लागला तरी काही बोलला नाही. एसटीत आई खिडकीशी बसली, पोरगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून. मला वाटलं झोपला. तर अंधार पडल्यावर, मूलच्या अलीकडं जंगल लागलं तेव्हा उठून बसला आणि विचारते, "बाबा, त्याले परत जंगलात सोडलं तर तो आपलं गाव ओळखन का?"

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बोलली नाही. मीही काही बोललो नाही. येत्या रविवारी गेट परत उघडंल, गिट्टी तिथंच पडलेली आहे.